डब्यातले खडखडे

बसमध्ये ड्रायव्हरच्या पायाशी एक पत्र्याचा डबा असायचा. खड्डा आला की तो असा वाजायचा, की नवखा प्रवासी घाबरून पुढे यायचा आणि विचारायचा, "खालून काही सुटलंय का हो?" ड्रायव्हर शांतपणे डबा उघडून त्याच्यापुढे धरायचा. आत पावाचे बोटभर लांबीचे काप, लसणीत आणि तिखटात भाजलेले, दगडासारखे कडक. एक तोंडात टाकला की प्रवाशाची शंका मिटायची आणि हात पुन्हा डब्यात जायचा. ड्रायव्हरच्या बायकोनं त्या कापांचं नावच खडखडे ठेवलं होतं.

ती मागच्या थंडीत गेली. ताप आला, छातीत उतरला आणि बघता बघता सगळं संपलं. डेपोतले लोक येऊन गेले, नातेवाईक येऊन गेले, आणि एक दिवस ड्रायव्हर पुन्हा कामावर रुजू झाला. डबा रिकामाच होता, तरी त्यानं तो जागेवर ठेवला. मोकळा डबा आणखीच वाजायला लागला, तेव्हा कंडक्टरनं त्यात एक फडकं कोंबलं.

ते फडकं ड्रायव्हरच्या जिवाला लागलं. त्या संध्याकाळी त्यानं वाटेत पाव घेतला, घरी येऊन कापला, तव्यावर तेल ओतलं आणि मोठ्या आचेवर भाजायला घेतला. बाहेरून कोळसा, आतून लगदा. दुसऱ्या दिवशी तेल कमी केलं, तर काप करपले. तिसऱ्या खेपेला मात्र रंग बरा आला. खुशीत त्यानं डबा भरून नेला, पण दुपारपर्यंत सगळे काप मऊ पडले.

"वहिनींसारखे नाहीत," कंडक्टर चावता चावता म्हणाला.

"ते मलाही कळतंय. गिळ गुमान."

आता उपाय एकच होता. सासूबाईंना विचारायचं. कारण बायको नेहमी म्हणायची, "हे आईकडून शिकले मी." अडचण अशी, की जावई आणि सासू यांच्यात बोलण्यासारखं काही कधी नव्हतंच. सासूबाई एकेकाळी शाळेच्या ग्रंथालयात होत्या आणि घरातही तिथल्यासारखीच शांतता पाळायच्या. लग्नानंतर पहिल्याच भेटीत ह्याचं गडगडाटी हसणं ऐकून त्यांनी कान झाकले होते, आणि तेव्हापासून त्यांच्या घरात हा पठ्ठ्या मोजूनमापून हसायचा. मुलगी गेल्यावरही तो दर रविवारी त्यांच्याकडे जायचा. गळका नळ आवळायचा, चहा प्यायचा, "येतो आई" म्हणायचा आणि निघायचा.

त्या रविवारी चहा संपला तरी तो उठला नाही.

"आई, एक विचारायचं होतं. ते खडखडे तुम्ही कसे करायचात?"

"काय करायचे?"

"पावाचे काप. लसूण लावून भाजलेले. ती तुमच्याकडूनच शिकली ना?"

सासूबाईंनी चष्मा काढला. "माझ्याकडून? अहो, मी जन्मात कधी पाव भाजलेला नाही. स्वयंपाकाचा मला मुळातच कंटाळा. ह्या घरात स्वयंपाक तिचे बाबा करायचे, तोही धड नाही."

ड्रायव्हर बघतच राहिला. "पण मी तर इतकी वर्षं अख्ख्या डेपोला सांगतोय, की ही आमच्या सासूबाईंची करामत! लोक म्हणतात, सासू असावी तर अशी. एका मेकॅनिकनं तर तुम्हाला नमस्कारही पाठवला होता."

"मला?"

"तुम्हालाच. मी पोचवला नाही, एवढंच."

सासूबाईंनी पदराला चष्मा पुसला. मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही घरी माझ्याबद्दल कुरकुर करायचात का हो?"

ह्या प्रश्नावर खोटं बोलण्याइतका ड्रायव्हर हुशार नव्हता. "सुरुवातीला करायचो. फार कडक आहात म्हणायचो."

"म्हणून तिनं माझं नाव पुढे केलं. निदान खाताना तरी तुम्ही मला बरं म्हणावं म्हणून." त्या हसायला लागल्या. आधी तोंड दाबून, मग तोंडावरचा हात काढून. "लबाड! लहानपणीही अशीच होती. शेजारणीची बाग ही तुडवायची आणि फुलं माझ्या नावानं नेऊन द्यायची." हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. ड्रायव्हरनं पाण्याचा पेला पुढे केला.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी डोळे पुसले. "तुम्ही पाव ताजा घेता का?"

"म्हणजे काय, अगदी ताजा."

"तिथंच चुकतंय. ती लहान असताना उरलेल्या पावाचे तुकडे करून कपाटावर वाळत घालायची. पक्ष्यांसाठी. वाळला की दगड व्हायचा. एकदा तिच्या बाबांनी चुकून खाल्ला आणि दात दुखावला."

ड्रायव्हरनं कपाळावर हात मारला. त्याच्याही घरी कपाटावर कायम एक वर्तमानपत्र पसरलेलं असायचं. वर धूळ बसू नये म्हणून ते घातलंय, अशी त्याची समजूत होती. "आणि गॅस बारीक असायचा," तो आठवून आठवून बोलू लागला. "तव्याशेजारी स्टूल घेऊन बसायची, रेडिओ लावून. मी म्हणायचो, अगं, वाढव जरा आच. तर म्हणायची, तुम्ही तुमची बस चालवा."

"तेल?"

"ओतायची नाही. वाटीत लसूण ठेचून त्यात थोडं तेल, तिखट, मीठ. मग काप त्यात घालून हातानं चोळायची."

खालच्या दुकानातून पाव आला. कापायला सासूबाई बसल्या. सुरी धरायची सवय नसल्यामुळे एक काप जाड, एक पातळ. ड्रायव्हरनं ते कपाटावर पसरले आणि दोघं पुढच्या रविवारची वाट बघत बसले.

तो रविवार आला तेव्हा काप टणक झाले होते. लसूण सासूबाईंनी ठेचली, आच ड्रायव्हरनं सांभाळली. मीठ घालायचं दोघंही विसरले आणि मग दोघांनीही घातलं. भाजायला एवढा वेळ लागला, की सासूबाई तव्यापाशी उभ्या राहून थकल्या आणि त्यानं त्यांना स्टूल आणून दिलं. काप गार झाल्यावर त्यांनी पहिला उचलला. कडाक् असा आवाज झाला.

"खारट आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"तिच्यासारखं नाही."

"नाही. पण लगदाही नाही." आणि कित्येक महिन्यांनी ड्रायव्हर मोठ्यानं हसला, अगदी बसमध्ये हसतो तसा. सासूबाईंनी कान झाकले नाहीत. दुसरा काप उचलत विचारलं, "तुमची बस जाते तरी कुठे? मी कधी विचारलंच नाही."

त्यानं सगळा रस्ता सांगितला. कारखान्याचं फाटक, दवाखाना, नदीवरचा पूल, पलीकडची नवी वस्ती.

त्याच आठवड्यात एका दुपारी सासूबाई थांब्यावर उभ्या दिसल्या. धुतलेली साडी, हातात छत्री. ड्रायव्हर उतरून आधार द्यायला धावला, तर म्हणाल्या, "तुम्ही तुमच्या जागेवर बसा. ड्यूटीवर आहात ना?" त्यांनी तिकीट काढलं आणि पहिल्याच सीटवर बसल्या. कंडक्टरनं वाकून ओळख करून घेतली. पुलावर बस पोचली तेव्हा खिडकीतून वाकून त्यांनी नदी पाहिली. परतीच्या फेरीला उतरताना दारात थांबून म्हणाल्या, "जावईबापू, गाडी छान चालवता. फक्त ब्रेक जरा हळू दाबत जा, मागच्या बाई दोनदा पुढे आपटल्या."