सरळ टाके

रुग्णालयाच्या धुलाईघरावर देखरेख करण्याचं काम मी बारा वर्षं करते आहे. फाटलेल्या चादरी दुरुस्तीला काकूंकडे जायच्या. त्यांना सगळेच काकू म्हणत. खिडकीपाशी स्टुलावर बसून त्या दिवसभर टाके घालत.

एकदा मी चादर उलगडली, तर भोकाच्या जागी निळ्या दोऱ्याचा मासा. दुसरीवर दाणा ओढणारी मुंगी.

"काकू, हे काय?"

"फाटलेलं दिसू नये म्हणून हो. आणि नुसतीच ठिगळं लावत बसलं की दिवस सरता सरत नाही."

कामाला उशीर होत नव्हता. मी कानाडोळा केला.

मग एक दिवस मोठे डॉक्टर खाली आले. मी लगबगीनं पुढे झाले, पण ते थेट काकूंपाशी गेले. "तुम्हीच काढता का ही चित्रं? पेशंट सकाळी चादर आली की आधी चित्र शोधतात." काकू लाजून सुईत दोरा ओवत राहिल्या. बारा वर्षांत डॉक्टरांनी माझी साधी विचारपूस केली नव्हती. माझ्या पोटात दुखायला लागलं.

दुसऱ्या दिवशी मी काकूंना सांगितलं, "आजपासून पांढरा दोरा, सरळ टाके. तसा नियम आहे."

"कुणी तक्रार केली का?"

"हो."

नियमही नव्हता आणि तक्रारही नव्हती. काकूंनी पांढरं रीळ घेतलं. पंधरा दिवसांनी घड्या घालायच्या टेबलावर बदली मागितली, तीही मी दिली.

तीन महिन्यांनी चादरींची तपासणी करायला मी वॉर्डात गेले. पाठीचा कणा मोडलेले एक बस ड्रायव्हर तिथे उताणे पडून होते. त्यांनी मला थांबवलं.

"ताई, ते चित्रं काढणारं माणूस काम सोडून गेलं का? मला दिवसभर छत दिसतं नाहीतर चादर. छत काही बदलत नाही."

सिस्टर म्हणाली, "ड्रेसिंग करताना ते चित्राकडे बघत राहायचे. आता फार कण्हतात."

"चौकशी करते," असं म्हणून मी तिथून काढता पाय घेतला.

चार दिवस मी काकूंसमोर जायचं टाळलं. पाचव्या दिवशी चहाच्या सुट्टीत त्यांना एकटं गाठलं.

"काकू, तक्रार कुणीच केली नव्हती. डॉक्टरांनी तुमचं कौतुक केलं, ते मला बघवलं नाही."

त्या घडी घालत राहिल्या. "वाटलंच होतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, तरी खात्री कुठे होती? आपलं काम कुणालातरी नकोसं झालंय, असं एकदा डोक्यात बसलं की हात चालत नाही. घरी नातीच्या फ्रॉकवर फूल काढायला बसले, तेही जमेना."

"पुन्हा सुरू करा ना."

"तो काय नळ आहे, फिरवला की आला?"

मी त्यांना ड्रायव्हरबद्दल सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"कुठल्या रंगाची बस चालवायचे?"

"विचारलं नाही."

"मग विचारून या."

मी दोन जिने चढून गेले. पिवळी, लांब पल्ल्याची, पुढचा एक दिवा फुटलेला. पुढच्या आठवड्यात तशी बस चादरीवर उतरली. ती चादर मी स्वतः वर नेली आणि ती बंदी कुणी घातली होती, तेही सांगून टाकलं.

ड्रायव्हरनी बसवरून बोट फिरवलं. मग हळू म्हणाले, "असं करू नये, ताई."

काकू आता पुन्हा खिडकीपाशी बसतात. माझ्याशी कामापुरतं बोलतात, आणि मला त्याहून जास्त मागायचा हक्क नाही. मधल्या तीन महिन्यांत त्या वॉर्डातली काही माणसं बरी होऊन घरी गेली, काही गेलीच. शेवटचे दिवस ती सरळ पांढऱ्या टाक्यांकडे बघत पडून होती. ती किती जण होती, हे सिस्टरला विचारायचं अजून माझ्याच्यानं होत नाही.