नळी आणि दस्ता

वाटणीच्या दिवशी पंचांनी आजोबांची बंदूकही वाटली. दोघे भाऊ एकमेकांच्या जिवावर उठले होते. अख्खी बंदूक कोणाच्याच हाती नको, असा पंचांचा विचार. परवाना थोरल्याच्या, म्हणजे मोठेबाबांच्या नावावर होता, म्हणून घोड्यासकट लाकडी दस्ता त्यांच्याकडे गेला. नळी बाबांकडे आली. सुटी केली की ती दोन्ही टोकांनी उघडी असते. बाबा आईला म्हणाले, "घे, फुंकणी कर." तेव्हापासून हिंदी-मराठी सीमेवरच्या राजेगावात आमची चूल बारा बोअरच्या नळीने फुलते आणि भिंतीपलीकडचे मोठेबाबा आमच्याशी बोलत नाहीत.

आज कोटवाराने, म्हणजे गावच्या चौकीदाराने, हाळी दिली : निवडणुकीसाठी परवान्याच्या बंदुका जमा करायला हवालदार येतोय. भिंतीपलीकडून मोठेबाबा ओरडले, "माह्याजवळ दस्ता हाये, तो देईन! नळी कोनाजवळ हाये, तेबी सांगीन!"

मी मोबाइलवर शस्त्र कायदा काढला आणि व्याख्या दोनदा वाचली.

"बाबा, बंदुकीचा भाग म्हंजेबी बंदूकच. परवाना नसला तर जेल होते."

"बी.एस्सी. करून हेच शिकली का वो? घोडा नाही, काडतूस राहात नाही. पाइप होय तो!"

"कायद्यात तो पाइप नाही."

"मंग जाईन जेलात. त्याच्या दारात नाही जानार."

तेवढ्यात मोटारसायकलचा आवाज आला. मी आईच्या हातातून नळी ओढली, ओढणीत गुंडाळली आणि मागच्या फाटकाने मोठेबाबांकडे धावले. टोक अजून गरम होतं. तेवढ्या वेळापुरती बिनपरवाना बंदूकवाली मी होते.

"मोठेबाबा, पाया पडते. जोडा हे."

"त्याले येऊ दे ना मांगाले."

"बाबा नाही येत. अन् तुमीबी फसान. बिनपरवानावाल्याले बंदूक देनं, हाबी गुन्हाच हाये."

हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी घाईने दस्ता आणला. काजळीमुळे नळी बसेना. दुपट्ट्याने पुसली, पुन्हा लावली, गुडघ्यावर दाबली. खटका बसला आणि हवालदार आत आला.

"नंबर तो मिल रहा है," तो म्हणाला. मग त्याने नळीत बोट घातलं. काळं बोट नाकाशी नेलं. "ये बारूद नहीं है. चूल्हे की कालिख है."

"माह्याच चुलीची होय," मोठेबाबा म्हणाले.

हवालदाराने ओसरीतून दिसणारा गॅसचा सिलिंडर पाहिला. "अच्छा? दिखाओ चूल्हा."

भिंतीच्या वर आमच्या चुलीचा धूर दिसत होता. आईने ऐकलं असावं. पलीकडे निखाऱ्यांवर पाणी पडल्याचा चर्र आवाज झाला आणि पांढऱ्या वाफेचा लोट भिंतीहून उंच गेला. हवालदार मान वर करून पाहत राहिला.

फाटक वाजलं. बाबा अनवाणीच आले होते.

"चूल माही होय, साहेब. नळीबी."

"बंदूक माही होय," मोठेबाबा मध्येच म्हणाले. "याले काही मालूम नाही."

"तू चूप राह्य, दादा."

"काहून आला मधात? घेतलं होतं ना मी सांभाळून!"

मी हवालदारापुढे हात जोडले. "सर, अब तो जुड़ गई है. एक ही बंदूक है."

"हां बेटी," तो म्हणाला. "सुबह तक दो थीं. दोनों चलो थाने."

त्याने बंदूक खांद्याला अडकवली. मोठेबाबांनी आपली मोटारसायकल काढली आणि मागे न पाहता थांबून राहिले. बाबा बराच वेळ उभे होते. आई ओल्या हातांनी धावत आली, "चपला तरी घाला," म्हणाली, पण तोवर बाबा गाडीवर मागे बसले होते. धरायला काही नव्हतं म्हणून दोन्ही हात त्यांनी मांड्यांवर ठेवले. फाटकाजवळच्या खड्ड्यात गाडी हादरली, तेव्हा त्यांनी मोठेबाबांचा खांदा धरला. वळणापर्यंत तो सोडलेला मला दिसला नाही.