हलका दांडा

नर्स म्हणाली, झोपून राहायचं, बसायचं नाही, धक्के खायचे नाहीत आणि इस्पितळाच्या जवळ जाऊन राहायचं. यातून माझ्या घरच्या दोन पुरुषांनी असा अर्थ काढला की मला घरासकट उचलून, इस्पितळ होतं त्या शुवैखला न्यावं.

घर म्हणजे आमची कॅरॅव्हॅन. चौसष्ट साल होतं, आखातातल्या शुऐब्याला बंदराचं आणि कारखान्यांचं बांधकाम जोरात चाललेलं. माझ्या नवऱ्याने, मजीदने, तिथल्या मजुरांसाठी खाणावळ काढली होती. विलायतेला परत निघालेल्या एका इंजिनियरसाहेबाकडून त्याने हे चाकांवरचं घर घेतलं. पुढच्या अंगाला रुंद काच आणि तिच्याखाली चूल, मागच्या अंगाला आमचा पलंग, आणि मधोमध खाली चाकं. पुढे नाकासारखा एक लोखंडी दांडा होता, तो गाडीला जोडायचा. त्या घरात उन्हाळ्यात माणूस भाकरीसारखा भाजून निघे, तरी ते माझं होतं आणि मी ते लख्ख ठेवत असे.

माझी दोन मुलं आधी गेली होती. एक बाणकोटला माहेरी, एक इथे, दोन्ही आठव्या महिन्यात. हा तिसऱ्या खेपेचा आठवा महिना होता. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, मी तर पाणीही फुंकून पीत होते. रात्री कूस बदलायची भीती वाटे. दिवसभर हात पोटावर ठेवून बाळाच्या हालचालीची वाट बघायची, हालचाल झाली की हायसं वाटायचं आणि लगेच पुढच्या हालचालीची काळजी लागायची.

मजीदचे मोठे भाऊ गफूरभाई नेमके तेव्हाच शुवैख बंदरात आले होते. ते गलबतावर तांडेल, मुंबईहून माल घेऊन येत. भावाला भेटायला म्हणून शुऐब्याला आले आणि येताक्षणी कारभार त्यांनी हातात घेतला. तांडेलाला जमिनीवर उतरवलं तरी तो हुकूमच सोडतो.

कॅरॅव्हॅन पहिल्यांदा शुऐब्याला आली ती आमच्या खाणावळीत जेवणाऱ्या महबूबच्या वानेतने. पिकअपला तिथे सगळे वानेत म्हणतात. त्याची वानेत लांब, जड, दणकट, आणि कॅरॅव्हॅन तेव्हा रिकामी होती. आता महबूबच्या वानेतचा गिअर मोडलेला. घरात होती ती मजीदची जुनी स्टेशन वॅगन, बाजारहाट करायला घेतलेली.

"हिला झेपेल काय?" मी पलंगावरून विचारलं.

"ओढते ना," मजीद म्हणाला. "काल रेतीतून ओढून बघितली."

"ओढणं येगळं आणि धरून ठेवणं येगळं," मी म्हटलं. माझ्या बोलण्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. त्याच्या गाडीला मी बैल समजते असं मजीदला वाटलं असावं.

मग सामान भरणं सुरू झालं. खाणावळ महिनाभर बंद राहणार, मागे ठेवलं तर चोरीला जाईल, म्हणून तांदळाच्या गोणी, पिठाच्या गोणी, तेलाचे डबे, मोठी पातेली सगळं बरोबर घ्यायचं ठरलं. मजीद पहिली गोण चुलीपाशी ठेवायला लागला तर गफूरभाईंनी त्याला अडवलं.

"मागं टाक, मजीद. सगला माल मागं. होडीचं तोंड, नाळ, हलकी हाय तर होडी लाटेवर चढते. नाळ जड झाली की पाण्यात तोंड खुपसते. बापान शिकवलंन हाय ना तुना?"

बापाचं नाव निघालं तशी मजीदने गोण मागे वळवली. एकामागून एक गोणी माझ्या पलंगाभोवती येऊन बसल्या. तेलाचे डबे पलंगाखाली गेले. आणि सर्वांत मागे मी, पोटासकट. गलबतातला शेवटचा माल.

बाहेर दोघे दांडा गाडीला जोडायला लागले. एरवी तो दांडा उचलायला दोन गडी लागत आणि दोघेही शिव्या देत. त्या दिवशी मजीदने एका हाताने उचलला.

"बघ," गफूरभाई खुशीत म्हणाले, "पोरीसारखी हलकी झाली. बापाची अक्कल फुकट जात नाय."

मजीदही हसला. मला मात्र ते हसू ऐकून बरं वाटलं नाही. गेली दोन वर्षं जड असणारी वस्तू एकदम हलकी झाली तर तिचं वजन गेलं कुठे, एवढंच माझ्या मनात आलं. पण झोपलेल्या बाईने किती वेळा तोंड उघडायचं. मी बिस्मिल्ला म्हटलं.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. मजीद हळू चालवत होता. मी पडल्या पडल्या पुढच्या काचेतून गाडीचा मागचा भाग बघत होते, त्यातून मजीदची मान आणि गफूरभाईंची टोपी दिसत होती. मग डांबरी रस्ता सरळ झाला, भाई काहीतरी बोलले असतील, मजीदने वेग वाढवला. माझ्या पाठीखाली पलंग किंचित डावीकडे गेला, मग उजवीकडे. पाळण्यासारखा. एवढ्याने कळलंही नसतं, पण खुंटीवरचा कंदील हलताना थांबेना.

तेवढ्यात एक मोठा टँकर आम्हाला ओलांडून गेला. त्याच्या वाऱ्याने घर आधी त्याच्याकडे ओढलं गेलं आणि मग बाहेर फेकलं गेलं, आणि ते परत जागेवर आलंच नाही. मागचा भाग झाडूसारखा रस्ता झाडायला लागला, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मजीदची मान काचेतून डावीकडे नाहीशी झाली, परत आली, उजवीकडे नाहीशी झाली. दर वेळी जास्त. पातेली खाली आली. पिठाची गोण फुटली आणि सगळं पांढरं झालं. मग एक जोराचा हिसका बसला, मजीदने ब्रेक दाबला होता, आणि त्या हिसक्याने घर आणखीच पिसाळलं. आता हे उलटणार हे मला कळलं. मी कुराणातली आयतुल कुर्सी म्हणायला घेतली आणि अर्ध्यात विसरले, जी मला सात वर्षांची असल्यापासून पाठ होती.

लहानपणी खाडीत वारा सुटला की माझा बाप सांगायचा, भ्यालीस तर सुकाणू धरलेल्या माणसाजवळ येऊन बस. होडीत तो माणूस मागे असतो. इथे माझा माणूस पुढे होता. मी विचार केला असं नाही म्हणणार मी, विचार करायला डोकं जाग्यावर नव्हतं. मी पलंगावरून खाली घसरले आणि हातापायांवर, पोट एका हाताने उचलून, पिठातून, पातेल्यांमधून पुढे निघाले. मला मजीदजवळ जायचं होतं. मरायचं तर त्याची मान बघत मरावं. दोनदा भिंतीवर आदळले. खांद्यावर आदळले, पोट वाचवलं. चुलीपर्यंत पोचले, तिची कड धरली आणि कपाळ काचेला लावून त्याच्या नावाने ओरडले. नवऱ्याचं नाव मी घेत नसे. त्या दिवशी घेतलं.

झोके कमी होऊ लागले. मला आधी खरं वाटलं नाही. अजून एक झोका आला, मग लहान, मग आणखी लहान. गाडी हळू हळू होत रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. दोन्हीकडे रेती होती आणि वारा होता.

मजीदने दार उघडलं तेव्हा त्याचा चेहरा माझ्याइतकाच पांढरा होता, आणि त्याच्यावर तर पीठ पडलं नव्हतं. "मी ब्रेक मारला तर वाढलं," तो म्हणाला. "मग माझे पायच गेले, आमिना. लुळे पडले. कुठंच दाबता येईना." तो तिथेच पायरीवर बसला. 

गफूरभाई दांड्यापाशी उभे होते. त्यांनी तो सोडवला, उचलून बघितला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आता जड हाय," ते म्हणाले. "तू पुढं आलीस म्हणून काय?"

"मना काय म्हाईत," मी म्हटलं. "मी तर घाबरून आले."

"मागं जा बघू जराशी."

मी दोन पावलं मागे गेले. दांडा त्यांच्या हातात वर आला. परत पुढे आले, दांडा खाली गेला. त्यांनी दांडा जमिनीवर टेकवला.

"होडी सोता चालते," ते म्हणाले, माझ्याकडे न बघता. "हिला वडून नेतात. वडणाऱ्याच्या हातात वजन नाय तर शेपूट वाटेल तिकडं जायाचं." आणि त्यांनी स्वतःच गोणी उचलायला सुरुवात केली. आधी घाईघाईने सगळ्या पुढे चुलीपाशी कोंबल्या आणि दांडा परत जोडला, तर वॅगनचा मागचा भाग बसला आणि तिचं तोंड वर झालं. मजीद म्हणाला, अशाने सुकाणू हवेत राहील. मग जड माल चाकांवर आणि जरासा पुढे असा लावला. निम्म्या गोणी मात्र रस्त्याकडेला ताडपत्रीखाली ठेवल्या, महबूब पुढे कधीतरी नेईल म्हणून. एवढ्याशा गाडीने एवढं ओढायचंच नव्हतं, हे आता दोघेही कबूल करत होते. भाईंना एकही हुकूम न सोडता, कंबरेत वाकून काम करताना मी पहिल्यांदाच बघत होते.

पण माझं लक्ष तिकडे कमीच होतं. मी दोन्ही हात पोटावर ठेवून बसले होते आणि पोट गप्प होतं.

सकाळपासून ते बाळ धिंगाणा घालत होतं. आता काही नाही. मी कुशीवर पडून बघितलं, थंड पाणी प्यायले, बोटाने दाबून बघितलं. काही नाही. मागच्या दोन्ही खेपांना असंच झालं होतं. आधी शांतता आणि मग सगळं संपलं.

मजीद गाडीत बसायला जाता जाता थांबला. "हलतंय ना गो?"

त्याचे हात थरथरत होते. याच हातांनी तो गाडी चालवणार होता, आणि घाबरलेला माणूस पुन्हा ब्रेक मारणार.

"हलतंय," मी म्हटलं. "तुम्ही चला. हळू चला."

मी चुलीपाशी पुढेच गादी घालून घेतली. गाडी निघाली. मजीद आरशातून वारंवार माझ्याकडे बघत होता. त्याने बघितलं की मी हसत होते. त्याची नजर रस्त्यावर गेली की मी पोटाला विचारत होते, बाबा, आहेस ना. मग परत हसू. रस्ता संपेना. आत मी मेल्यासारखी झाले होते आणि चेहरा लग्नघरातल्या बाईचा ठेवला होता. इतकी भीती मला गाडी झोके खात होती तेव्हाही वाटली नव्हती. तेव्हा निदान ओरडता तरी येत होतं.

शुवैखच्या गोद्या दूरवर दिसायला लागल्या तेव्हा मजीदने आरशातून भुवया उंचावल्या. ठीक ना? मी मान हलवली. मान हलवत असतानाच बरगडीखाली आतून एक सणसणीत लाथ बसली.

आणि इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं सुटलं. मी काचेला डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागले. आरशात मजीदचे डोळे मोठे झालेले दिसले. त्याला काय वाटलं ते मला कळलं. आता हा ब्रेक मारणार.

त्याने मारला नाही. त्याने नुसता पाय उचलला. गाडी आपोआप हळू होत गेली, घर तिच्यामागे सरळ, शहाण्यासारखं येत राहिलं, आणि दोन्ही अलगद कडेला जाऊन थांबली. मग तो धावला.

दार उघडून तो उभा राहिला, विचारायची हिंमत होईना त्याला.  मी त्याचा हात ओढून पोटावर ठेवला.

बाहेरून गफूरभाईंचा आवाज आला. "काय झालं रे?"

"लाथ मारतंय, भाई," मजीद म्हणाला, आणि हात काढला नाही.