बारावं मूल

पंधरा मार्च हा आम्हा रोमानियातल्या हंगेरियनांचा राष्ट्रीय दिन; त्याच्या कार्यक्रमात देनेशदादांची नात बोरोका कविता म्हणायला उभी राहिली आणि अर्धं गाव रुमाल शोधू लागलं. सहा वर्षांची पोर, छातीवर लाल-पांढऱ्या-हिरव्या फितीचं फूल, आणि आठ कडवी एकदाही न अडखळता. फूल मी शिवलं होतं. कविताही दोन महिने रोज मीच घोकून घेतली होती, कारण सून रोमानियन, त्यामुळे त्या घरात आता हंगेरियन फक्त आजोबाच बोलतात.

मग दादांचं भाषण झालं. ते आमच्या हंगेरियन पक्षाचे गावचे अध्यक्ष. “शाळा गेली की भाषा गेली, भाषा गेली की आपण गेलो!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

माझा पहिलीचा हंगेरियन वर्ग टिकायला बारा मुलं लागतात. घरोघर पायपीट करून मी अकरा जमवली होती. बारावी बोरोका. अध्यक्षांच्या घरी जाऊन विचारायचं असतं, हे मला सुचलंच नाही. नावनोंदणीच्या शेवटच्या दिवशी तिचा अर्ज दिसेना, म्हणून चौकशी केली. रोमानियन वर्गात तिचं नाव आठवड्यापूर्वीच घातलं होतं.

तशीच तडक त्यांच्याकडे गेले. दादा द्राक्षवेल छाटत होते.

“रागावू नका बाई. पोरीला डॉक्टर करायचंय. रोमानियन नीट आलं नाही तर कोण विचारतो?”

“मग बाकीच्या अकरा जणांनी काय, गुरं राखायची?”

“तसं कुठं म्हणतोय मी? जिल्ह्याला आपला माणूस आहे, अकरांवर वर्ग चालू द्या म्हणून शब्द टाकतो.”

“त्या माणसाला सहा वर्षांचं पोर आहे का?”

दादा हसले. “तुमची जीभ म्हणजे ना!”

“जूनमध्ये निवडणूक आहे, दादा. लोक जाब विचारतील.”

“विचारू देत की,” कात्री न थांबवता ते म्हणाले. “पण मत कुणाला देतील? त्यांना?”

‘त्यांना’ म्हणजे रोमानियन पक्षांना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकोणतीस वर्षं याच माणसाची पत्रकं मी दारोदार वाटली होती.

मे महिन्यात वर्ग बंद झाला. माझी अकराही मुलं रोमानियन वर्गात गेली.

जूनमध्ये मतदान माझ्याच रिकाम्या वर्गात होतं. भिंतीवर मी रंगवलेली अक्षरं अजून तशीच होती. पडद्याआड शिक्का हातात घेऊन मी सगळी नावं वाचली, दोनदा वाचली. आमच्याखेरीज एकच उमेदवार जरा जोरात होता. गावच्या पाटीवरचं हंगेरियन नाव कुणीतरी काळं फासून पुसलं, तेव्हा ‘बरं झालं’ म्हणणारा तो.

मी शिक्का मारला. आमच्याच पक्षावर.

दादा फाटकाशी उभे होते. नवा कोट घातला होता.

“काय बाई, दिलंत ना मत?”

“दिलं, दादा,” मी म्हणाले.