झाडांमागची शर्यत

चूक माझीच, आधीच सांगते. स्टॉक कारची शर्यत म्हटलं की गोल ट्रॅक, एका जागी बसून सगळं दिसणार, असं मी धरूनच चालले. बाबांबरोबर लॅपटॉपवर एक-दोनदा पाहिलेली शर्यत तशीच होती. तिकिटं काढताना नकाशा बघायचं काही सुचलं नाही. ब्रिस्टलहून दोन तास गाडी हाकत आलो आणि बघते तर काय, घाटासारखा वळणावळणांचा ट्रॅक. त्यातला अर्ध्याहून जास्त झाडांमागे.

बाबा नागपूरहून सहा महिन्यांसाठी माझ्याकडे इंग्लंडला आले होते. तिसऱ्याच महिन्यात त्यांनी परतीचं तिकीट अलीकडच्या तारखेचं करून घेतलं. मंगळवारचं विमान. का, तर म्हणे, "झालं की राहून." आजचा दिवस छान गेला की त्यांना थांबवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आत शिरल्याबरोबर बाबांनी पहिल्या रांगेतल्या बाकावर रुमाल टाकला, शेजारी पाण्याची बाटली ठेवली आणि निवांत टॉयलेटला गेले. गोरे लोक त्या रुमालाकडे बघून गुपचूप मागच्या रांगेत बसले.

शर्यत सुरू झाली. पंचवीसेक गाड्या दणदणत समोरून गेल्या आणि मग दीड मिनिट नुसतं गवत. लाउडस्पीकरवर कॉमेंट्रीवाला बेंबीच्या देठापासून ओरडतोय, पलीकडच्या वळणावर कुणी कुणाला ढकललं म्हणून. तिकडे टाळ्या, आणि आम्ही इकडे चिवडा खातोय. पुन्हा गाड्या आल्या तर पहिली असलेली निळी सातवी. मधे काय झालं, देव जाणे.

"बाबा, त्या वळणावर जाऊ या ना. सगळं तिकडेच होतंय."

"एवढी छान जागा धरली, अक्षया. कशाला सोडायची?"

"जागा घेऊन काय करायचंय? दिसत तर काहीच नाही."

"दिसतंय की. येतात, जातात. बस तू."

तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा माझं डोकंच फिरलं. "बसा मग बाकाला चिकटून," मी म्हणाले आणि तरातरा वळणाकडे निघाले.

वळणावर खरंच धमाल होती. दोन गाड्या एकमेकींना घासत आत शिरल्या, एक खडीत रुतली आणि निळी आतून सटकून पुढे गेली. मी शेवटपर्यंत तिथेच उभी राहिले.

परत आले तेव्हा बाक रिकामे होत होते. बाबा तसेच बसले होते.

"कोण जिंकलं?"

"निळी. तुम्हाला कुठून दिसणार? एवढ्या हौसेनं आणलं तुम्हाला, बाबा, आणि तुम्ही जागचे हलला नाहीत. खरं सांगा, इथलं काहीच आवडत नाही ना तुम्हाला?"

"आवडलं की." ते चिवड्याच्या डब्याचं झाकण लावत होते. "सकाळपासून तू शेजारी होतीस. तुझं हॉस्पिटल नाही, फोन नाही. गाड्या गेल्या की गप्पा मारायला मोकळे. तीन महिन्यांत एवढा वेळ कधी बसलीस माझ्याजवळ? म्हटलं, इथून उठलो की संपेल हे. तर तूच उठून गेलीस."

मला माझाच राग आला.

"बाबा, ते मंगळवारचं तिकीट..."

"राहू दे आता. चल, उद्या तुला सकाळची ड्युटी आहे."