पुढच्या कप्प्यात उरलेली कार्डं

मित्रांनो, हल्ली माझ्या झाकणावर पाण्याचा माठ ठेवतात, म्हणून मला तिवई समजू नका. मी सागाची पेटी आहे, कार्डांची. एटापल्लीच्या एका दवाखान्यात तेरा वर्षं मी क्षयाच्या पेशंटांची कार्डं सांभाळली. या कामाचा मला गर्व होता. तो कसा उतरला, तेच सांगते.

मला १९९१ साली अजीम मिस्त्रींनी घडवलं. सांगितलेली पेटी साधी होती, पण कंपाउंडर रफीकभाऊंनी मध्ये एक फळी बसवायला लावली. त्यामुळे माझे दोन कप्पे झाले, पुढचा आणि मागचा. क्षयाचं औषध सहा महिने न चुकता घ्यावं लागतं. मध्येच सोडलं तर आजार उलटतो आणि साध्या गोळ्यांना दाद देत नाही. म्हणून रफीकभाऊंची रीत ठरलेली होती. आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी सगळी कार्डं पुढच्या कप्प्यात. पेशंटनं आठवड्याच्या गोळ्या नेल्या, की त्याचं कार्ड मागच्या कप्प्यात. संध्याकाळी पुढे जी उरतील, ती माणसं आली नाहीत. दुसऱ्या दिवशी भाऊ सायकल काढून त्यांच्या गावी जात. घर सापडावं म्हणून कार्डामागे पेन्सिलीनं लिहिलेलं असे, ‘नाल्यापलीकडे, मोहाच्या झाडाजवळ’ किंवा ‘कापणीत माहेरी असते’. पाहुणे डॉक्टर आले की माझं झाकण उघडून कौतुक करत, आणि मी फुगून बसे.

२००४ च्या जानेवारीत दवाखान्यात कॉम्प्युटर आला. तो चालवायला चंद्रपूरहून रंजीता आली. मुलगी हुशार होती, बोलायला गोड होती, पण मला ती डोळ्यांसमोर नकोशी झाली. मोठ्या डॉक्टर निशातबाईंनी सगळ्यांना एकच गोष्ट बजावली होती. कार्डं मशीनवर चढवा, पण एकाही पेशंटच्या औषधात खंड पडता कामा नये.

रंजीताला काम झटपट उरकायचं होतं. पहिल्याच बाजाराच्या दिवशी तिनं माझी दोनशे कार्डं काढून टेबलावर पसरली आणि नावांच्या क्रमानं टाइप करायला घेतली. दहा वाजता पेशंटांची रांग लागली. साडेदहाला लाइट गेली. अर्धी कार्डं इकडे, अर्धी तिकडे, कुणाचंच सापडेना. सुकलू नावाचे पाच जण उभे होते आणि हातात तिघांचीच कार्डं. रफीकभाऊ घामाघूम झाले. मित्रांनो, खरं सांगू? मी रिकामी पडले होते आणि मनातून खूश होते. घ्या म्हटलं, आणखी आणा मशीन.

त्या संध्याकाळी रफीकभाऊंनी सगळी कार्डं पुन्हा माझ्यात लावली आणि टाइप केलेलं सगळं पुसायला लावलं. रंजीता रडवेली झाली होती. भाऊ रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “बाई, कार्ड आपून नाई काढाचं. माणूस समोर आला का मंग काढाचं. त्याले इचारून लिवाचं, अन् मंगच मशीनमंदी टाकाचं.”

निशातबाईंना ते पटलं. पुढच्या बाजारापासून तसंच सुरू झालं. पेशंट येई, त्याचं कार्ड माझ्यातून निघे, तो बाकावर बसून सांगे, रंजीता टाइप करी आणि कार्ड फाईलला लागे. आलेल्या कुणाची गोळी चुकली नाही, कुणाला ताटकळावं लागलं नाही. मी मात्र दर आठवड्याला हलकी होत गेले. भाऊ दिवसभर रंजीताला गावांची नावं सांगण्यात गुंतलेले असत. त्या धांदलीत संध्याकाळी पुढच्या कप्प्यात पाहायचं राहून गेलं.

चार बाजार झाल्यावर रंजीतानं मला उचललं आणि काम संपलं म्हणून सांगितलं. रफीकभाऊंनी सवयीनं आत हात घातला. सात कार्डं लागली.

त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी एकेक कार्ड उलटून पेन्सिलीचं वाचलं. ही सात माणसं चार आठवडे आलीच नव्हती, आणि जो आलाच नाही तो कॉम्प्युटरला ठाऊक कसा असणार? दुसऱ्या दिवशी भाऊ सायकलवर निघाले. या खेपेला रंजीताही निघाली.

मोहाजवळच्या घरात बायनाबाई खाटेवर होती. खोकला परतला होता. भाऊंनी विचारलं, दोन महिने नेमानं येत होतीस, मग थांबलीस का? ती म्हणाली, “मी आली होती ना भाऊ, त्या गर्दीच्या दिवशी. माहं कार्डच नोहतं. मले वाटलं, बिमारी सरली म्हून काढून टाकलं.”

हे सगळं भाऊंनी परत येऊन निशातबाईंना सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. ज्या दिवशी मी खूश झाले होते, तोच तो दिवस. मला माझी लाज वाटली.

बायनाबाईचं औषध पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. आठ महिने लागले, पण ती बरी झाली. रंजीतानं कॉम्प्युटरमध्ये कार्डाच्या मागच्या बाजूचंही लिहून घेतलं. आता दर बाजाराच्या संध्याकाळी ती न आलेल्यांची यादी छापते आणि भाऊ ती घेऊन सायकल काढतात. माझी फळी त्या मशीनमध्ये गेली म्हणा ना. आता माझा रंजीतावर राग नाही.

सातांपैकी सहा कार्डं त्यांच्या माणसांबरोबर निघून गेली. सातवं कोलूचं. तो मिरची तोडायला आंध्रात गेला, तो अजून आलेला नाही. भाऊ चारदा जाऊन आले, घराला कडीच. यादीत त्याचं नाव सगळ्यात वर छापलेलं असतं, पण कार्ड भाऊंनी माझ्याकडेच ठेवलं आहे. माणूस समोर आल्याशिवाय काढायचं नाही, हे त्यांचंच बोलणं.

म्हणून मित्रांनो, नवं खुशाल आणा. माझ्यावर माठ ठेवा, मी कुरकुरणार नाही. पण मला मोडीत काढायची वेळ आली, तर आधी माठ उतरवा, झाकण उघडा आणि पुढच्या कप्प्यात हात घाला. तिथे कोलू आहे.