तीन सल्ल्यांच्या खिडक्या

दुष्काळात कुणी बांधकाम काढत नाही. कालवायला पाणी कुठून आणायचं? पण मोहनरावांना घाई होती. दूध सोसायटीच्या चेअरमनची निवड तोंडावर आलेली आणि संचालकांना बसवायला घरात धड जागा नव्हती. त्यात यंदा खुर्चीला भाव होता. दूध आटलं होतं, पण सोसायटीच्या नावावर सरकी पेंडीचा ट्रक यायचा होता. ट्रक चेअरमनच्या दारात उतरायचा, असा गावचा रिवाज. मग महिनाभर सगळं गाव त्या दारात.

म्हणून घराला लागून बैठकीची खोली निघाली. भिंती कमरेला आल्या तसा म्हाळू गवंडी म्हणाला, "चेअरमन, खिडक्या कुठं ठिवू? आत्ताच सांगा, मागून भिंती फोडायला लावताल."

स्वतःचं मत आधी सांगायचं नाही, याच गुणावर मोहनराव इतकी वर्षं चेअरमनपदावर टिकले होते. त्यांनी संचालकांना विचारलं. एकेकाला, चहा पाजून.

रामहरीचा जावई गेवराईत अॅल्युमिनियमचं काम करायचा. "सरकती काच बसवा, काळी. रस्त्याच्या अंगाला. लई रुबाब दिसतो."

सुंदररावांचा कडुलिंब पाण्यावाचून वाळून गेला होता. "लाकडी चौकट अन् लोखंडी गज. मागं, गोठ्याकडं. लाकूड माझ्याकडनं न्या."

बद्रीनाथला काही खपवायचं नव्हतं, त्यामुळं त्याच्याविषयी मोहनरावांना जरा जास्तच विचार करावा लागला. "उगवतीला ठिवा," एवढंच तो म्हणाला. उगवतीला बद्रीनाथचंच घर होतं.

"माझ्या मनातलं बोललात," असं मोहनराव तिघांनाही म्हणाले आणि उठता उठता तिघांच्याही कानात सांगितलं, "व्हाइस चेअरमन तुमीच. कुठं बोलू नका."

मोहनरावांच्या पत्नी केसरबाईंनी काम बघितलं. "एकीकडं दार, तिन्हीकडं खिडक्या. अहो, ही खोली हाय का बसस्टँड? एक तरी भिंत बंद ठिवा."

"तुला राजकारण कळत न्हाई."

"न्हाई कळत. पर हितं बोलाल ते समद्या गावाला कळंल."

निवडीच्या आदल्या दिवशी सुंदरराव खात्री करून घ्यायला आले. लाईट गेलेली, उकाडा मरणाचा, म्हणून खिडक्या उघड्या. मोहनराव रस्त्याकडं पाठ करून बसले होते. "सुंदरराव, तुमीच व्हाइस चेअरमन. रामहरीला मी नुसता झुलवत ठिवलाय."

नेमका तेव्हाच रामहरी जावयासाठी एक गिऱ्हाईक घेऊन बाहेर उभा होता. "पाव्हणं, बघा, एका बोटानं सरकती," म्हणत त्यानं काच पुरती सरकवली आणि डोकं आत घातलं. "चेअरमन, मला बी हेच पद दिलतं की तुमी! सुंदरराव, तुमाला कवा दिलं?"

सुंदररावांनी चहाची बशी खाली ठेवली. चहा अर्धाच प्यालेला होता.

दुसऱ्या दिवशी रामहरीनं चेअरमनपदासाठी बद्रीनाथचं नाव सुचवलं आणि सुंदररावांनी अनुमोदन दिलं. बद्रीनाथनं कुणाला काहीच कबूल केलं नव्हतं. निवडून यायला त्याला तेवढं पुरलं.

आठवड्यानं ट्रकचा ब्रेक लागल्याचा आवाज आला. मोहनराव नव्या खोलीत एकटेच बसले होते. ते उठून उगवतीच्या खिडकीशी गेले.

"दिसतंय का नीट?" केसरबाईंनी मागून विचारलं.

"दिसतंय."

"मंग खिडकी बराबर जागी हाय म्हणायची." त्यांनी रिकामं पोतं मोहनरावांच्या हातात दिलं. "जावा आता, रांग वाढायलीय."